कथासंग्रह काढायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधते. मुलुंडहून सीएसएमटीकडे जाणारी सकाळची गाडी, मांडीवर प्रूफं आणि हातात लाल पेन, हे बरीच वर्षं माझं ऑफिस होतं. आता बहुतेक काम पीडीएफवर चालतं, पण लाल पेन पर्समध्ये असतंच. अधूनमधून एखादा प्रकाशक हस्तलिखित देऊन ‘वाचून सांगा, काढावं का’ असंही विचारतो. त्यामुळे कथा लिहिणारी ओळखीतली आणि ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं मला फोन करतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. माझाही एक संग्रह आहे. तो सहा वर्षं रखडला होता, तेव्हा त्यातले काही चटकेही इथे आले आहेत.

माझ्याकडे अकरा कथा आहेत. संग्रह होईल का?

कथा मोजू नका, शब्द मोजा. डेमी, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांच्या आकाराच्या पानावर, डोळ्यांना सोसेल अशा टायपात, साधारण २७० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे चाळीस हजार शब्दांचं दीडशे पानांच्या आसपास पुस्तक होतं. छापखान्यात हिशेब फर्म्यांत चालतो. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून पुस्तकं १२८, १४४, १६०, १७६ अशा पानांची दिसतात. सुरुवातीची शीर्षक, अर्पण, अनुक्रम वगैरे आठेक पानं त्यातच धरायची. चार-पाच दीर्घकथांचंही पुस्तक होतं आणि वीस छोट्या कथांचंही.

खरा प्रश्न वेगळा आहे. अकरांतल्या किती कथा उभ्या राहतात? दोन महिने फाइल उघडू नका. मग फक्त शीर्षकांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक कथेत काय घडतं ते आठवून एका वाक्यात लिहा. ज्या कथेचं वाक्य लिहिताना तुम्हाला स्वतःलाच फाइल उघडावी लागते, ती संग्रहात नको. या परीक्षेत माझ्या चौदांतल्या पाच गळाल्या. त्यातली एक माझी फार लाडकी होती.

आज ठरवलं तर पुस्तक हातात कधी येईल?

सगळं सरळ पार पडलं तर दोन दिवाळ्या. पहिली दिवाळी कथा छापून येण्यासाठी आणि दुसरी पुस्तकासाठी. मधल्या वर्षात प्रकाशकाचं वाचन, होकार, करार, अक्षरजुळणी, तीन प्रूफं, मुखपृष्ठ, छपाई. ‘तीन महिन्यांत पुस्तक हातात’ असं कुणी सांगितलं तर मी आधी एकच विचारते, संपादन कोण करणार? उत्तर बहुधा येत नाही.

कथा आधी कुठे छापून आलेल्या असाव्यात का?

तशी सक्ती नाही. पण माझं मत ठाम आहे, निम्म्या तरी कथा आधी अनोळखी वाचकांपर्यंत गेलेल्या असाव्यात. घरचे, मैत्रिणी, वाचन गटातले लोक कथेला ‘छान’ म्हणतात, कारण पुढच्या आठवड्यात त्यांना तुमचं तोंड बघायचं असतं. संपादकाला ती अडचण नसते.

आपल्याकडे या कामासाठी दिवाळी अंकासारखी दुसरी सोय नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं आहे. लेखकाचं वर्ष मात्र दिवाळीत सुरू होत नाही, मे महिन्यात होतं. उन्हाळ्यात अंकांची जुळवाजुळव चालू असते, जून-जुलैत साहित्य पक्कं होत जातं आणि गणपतीच्या सुमारास पानं लागलेली असतात. सप्टेंबरात ‘एक चांगली कथा आहे’ म्हणून मेल करणारे लेखक दरवर्षी असतात. ती कथा सरळ पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी ती कुणाला आठवत नाही.

कुठे पाठवायची हे कळण्यासाठी अंक वाचावे लागतात, याला पर्याय नाही. विकत घेणं परवडत नसेल तर वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना असतात. थोडी वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक फिरवून वाचायचे. दादर सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी मागच्या वर्षीचे अंक चाळले तरी कळतं की कोणाला दीर्घकथा चालते, कोण विनोदी साहित्यच घेतं, कोणाकडे कथेला दोनच जागा असतात आणि त्या नेहमीच्या नावांना गेलेल्या असतात. या शेवटच्या प्रकारच्या अंकाकडे वेळ घालवू नका. रागही धरू नका.

पत्र चार ओळींचं पुरे. कथेचं नाव, शब्दसंख्या, ती आधी कुठे छापलेली नाही ही ग्वाही आणि तुमचा पत्ता-फोन. कथेचा अर्थ पत्रात समजावून सांगू नका. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दोघांनीही छापली तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद होतात, आणि मराठीतले संपादक एकमेकांशी बोलतात. मानधन? मिळालं तर चहापाण्यापुरतं आणि अंकाची एक प्रत. प्रतही मागावी लागते कधी कधी.

मासिकाने छापलेली कथा पुस्तकात घेता येते का? हक्क कोणाचा?

तुमचा. १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लिहिणाराच पहिला मालक असतो. तुम्ही त्या मासिकाचे पगारी नोकर असाल किंवा हक्क लिहून दिले असतील तर गोष्ट वेगळी. मानधनाच्या पावतीवर काय छापलंय ते वाचून सही करा, एवढंच. पुस्तकात ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष द्यायचा रिवाज आहे, तो पाळावा. नोंदणी केल्याशिवाय प्रताधिकार मिळत नाही, ही समजूत चुकीची. तो लिहिताक्षणी मिळतो आणि लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे.

कथांचा क्रम कसा लावावा? लिहिल्या त्या क्रमाने चालेल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे. एकेक कथा चांगली असूनही संग्रह कंटाळवाणा झाल्याचं मी कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी कारण क्रमात सापडलंय. वाचक दुकानात पहिली कथा चाळतो, घरी दुसरी वाचतो आणि तिसरीपाशी ठरवतो की पुस्तक उशाशी ठेवायचं की कपाटात. म्हणून सगळी शक्ती पहिल्या कथेत ओतू नका. तिसरी सांभाळा.

माझी पद्धत घरगुती आहे. प्रत्येक कथेची एक चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या: कोण सांगतंय, कुठे घडतंय, किती पानं, शेवट कसा, आणि कोणी मरतं का. चिठ्ठ्या पलंगावर मांडायच्या. मग दिसायला लागतं की ओळीने चार कथा ‘मी’ने सांगितल्यात, तीन कथांच्या शेवटी पाऊस येतो आणि पाच कथांत वडील आजारी आहेत. लिहिताना या कथांमध्ये वर्ष-दोन वर्षांचं अंतर असतं, म्हणून लेखकाला ते जाणवत नाही. वाचक त्या एका रविवारी वाचतो.

नावांचंही तसंच. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात तीन वेगवेगळ्या कथांतल्या तीन वेगवेगळ्या नवऱ्यांचं नाव सुहास होतं. मी समासात लिहिलं, ‘हा एकच गृहस्थ आहे का?’ लेखिकेचा फोन आला, आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग तिच्या लक्षात आलं की खरोखरच तो एकच गृहस्थ होता. त्या तीन कथा तिने जोडल्या. आता ती पंचेचाळीस पानांची दीर्घकथा आहे आणि संग्रहातली सगळ्यात चांगली तीच आहे.

मुंबईत राहून लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. चाळीची गॅलरी, लोकलची खिडकी आणि पुनर्विकासाची सोसायटी मीटिंग, प्रत्येकी एकदाच. फार तर दीड वेळा.

संग्रहाचं नाव कसं ठेवायचं?

आतल्या एखाद्या कथेचंच द्या. वेगळं, गूढ, दोन टिंबांचं नाव शोधण्यात तीन महिने गेलेले मी पाहिलेत. दुकानात काउंटरवर उभं राहून मोठ्याने म्हणायला लाज वाटणार नाही असं नाव असलं म्हणजे झालं.

प्रस्तावना कोणाची घ्यावी?

कोणाचीच नको. पहिल्या पुस्तकाला मोठ्या माणसाची प्रस्तावना म्हणजे पाहुण्याला दारातच थांबवून यजमानाचे गुण सांगण्यासारखं. शिवाय ती मोठी माणसं कामात असतात आणि पुस्तक त्यांच्यासाठी आठ-आठ महिने अडून राहतं. मलपृष्ठावर चार प्रामाणिक ओळी पुरतात.

प्रकाशक कसा निवडायचा?

आधी स्वतःच्या कपाटापासून सुरुवात करा. गेल्या पाच वर्षांत तुम्ही विकत घेतलेले नव्या लेखकांचे कथासंग्रह कोणी काढले? एकही विकत घेतला नसेल तर क्षणभर थांबा आणि तुमचा कोण घेणार याचा विचार करा. मग दादरला आयडियल किंवा मॅजेस्टिक या पुस्तकांच्या दुकानात एक दुपार काढा. कथासंग्रहांच्या मांडणीपुढे उभं राहून शीर्षक पानामागची प्रकाशकांची नावं टिपून घ्या. कागद, बांधणी, शुद्धलेखन बघा. दुकानातल्या माणसाला विचारा की हा प्रकाशक माल वेळेवर पोचवतो का. एवढं खरं उत्तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

मुंबईत मौज, पॉप्युलर, मॅजेस्टिक, ग्रंथाली, लोकवाङ्मय गृह, शब्द अशी घरं आहेत, आणि प्रत्येकाची आवड वेगळी आहे. पुण्यातली राजहंस, मेहता, रोहन ही घरंही मुंबईच्या लेखकाला परकी नाहीत. ठाणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथले छोटे प्रकाशक कधी कधी कथेसाठी जास्त मनापासून काम करतात. यादी सहा नावांवर आणा, साठांवर नको.

पाठवायचं काय? एक पानाचं पत्र, अनुक्रमणिका, कोणती कथा कुठे प्रसिद्ध झाली त्याची नोंद आणि तीन कथा. संपूर्ण संग्रह मागितल्यावर. इंग्रजीत एजंट असतात तसे मराठीत जवळजवळ नाहीत, लेखक स्वतःच दार वाजवतो. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात. तीन महिन्यांनी एक नम्र फोन करावा. दर सोमवारी करू नये.

कडू गोष्ट आधीच सांगते. नव्या लेखकाचा कथासंग्रह म्हटला की प्रकाशकाच्या कपाळावर आठी येते. चरित्र, अनुवाद, कादंबरी यांना गिऱ्हाईक लवकर मिळतं. ‘सत्यकथा’सारखं मासिक १९८२ साली बंद पडलं, तेव्हापासून नव्या कथेला आधी नाव आणि मग पुस्तक मिळवून देणारी जागा आक्रसतच गेली. तुमच्या कथा वाईट आहेत असा नकाराचा अर्थ दर वेळी होत नाही. माझं हस्तलिखित एका ठिकाणी चौदा महिने होतं. शेवटी मी स्वतः जाऊन परत आणलं, तेव्हा त्याच्या पाकिटाचा डिंकही सुटला नव्हता.

प्रकाशक पैसे मागतोय. द्यावे का?

इथे थोडं थांबू, कारण फसवणूक होते ती इथेच.

व्यवहार तीन प्रकारचे असतात. पहिला, प्रकाशक सगळा खर्च करतो आणि तुम्हाला मानधन देतो. दुसरा, खर्च त्याचा, पण शंभर-दोनशे प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. तिसरा, सगळा खर्च तुमचा आणि पुस्तकावर नाव त्याचं. तिसरा प्रकार उघडपणे ‘छापून देतो’ म्हणून केला तर त्यात लबाडी काही नाही. लबाडी तेव्हा होते जेव्हा छपाईचे पैसे घेऊन प्रकाशनाचा आव आणला जातो, म्हणजे वितरण, जाहिरात, पुरस्कारांना पाठवणं यांची तोंडी आश्वासनं दिली जातात आणि प्रती तुमच्याच पलंगाखाली येतात.

कागदावर आकडे मांडून बघा. समजा पुस्तक १६० पानांचं, किंमत २५० रुपये, प्रती ५००. पहिल्या प्रकारात दहा टक्के मानधन ठरलं तर सगळ्या प्रती खपल्यावर तुम्हाला १२,५०० रुपये मिळतील. सगळ्या प्रती खपायला दोन-तीन वर्षं जातात, कधी खपतच नाहीत. तिसऱ्या प्रकारात विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली की एका प्रतीमागे हातात १५० उरतात. त्यातून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी आणि टेम्पो. कोणी एकरकमी आकडा सांगितला तर हे सात खर्च सुटे लिहून मागा. सुटे लिहून देत नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

आणखी तीन प्रश्न विचारा. किती प्रती छापणार आणि छापखान्याचं बिल दाखवणार का? मागच्या वर्षी काढलेले तुमचे कथासंग्रह आज दादरच्या कोणत्या दुकानात मिळतील? माझ्या पैशाने छापलेल्या प्रतींची मालकी कोणाची? तिसरा प्रश्न ऐकून एका गृहस्थांनी मला बाहेरून चहा मागवला आणि विषय बदलला. चहा चांगला होता.

नव्या लेखकाला सरकारी मदत मिळते का?

मिळते, आणि त्यासाठी आधी पैसे देऊन घाईने काढलेलं पातळ पुस्तक आड येऊ शकतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ १९६० सालचं, कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत. योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. म्हणजे हौसेने चाळीस पानी पुस्तिका काढून बसलात की हे दार बंद. जाहिरात येते तेव्हा त्या वर्षीचे नियम शब्द न् शब्द वाचा. पानांची मर्यादा, प्रतिज्ञापत्र, किती प्रतींत हस्तलिखित द्यायचं, यात चूक झाली की कथा कुणी वाचतही नाही.

राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. लघुकथेसाठीचा पुरस्कार ग. ल. ठोकळ यांच्या नावाने दिला जातो. तोही आयुष्यात एकदाच मिळू शकतो, कारण पहिलं पुस्तक एकदाच येतं. पस्तिशीच्या आत असाल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही लक्षात ठेवा. मात्र पुरस्कारांसाठी पुस्तकाची तारीख ओढाताण करून डिसेंबरात बसवू नका. डिसेंबरात छापखान्यांत जी गर्दी असते, तिच्यात तिसरं प्रूफ हमखास गाळलं जातं.

करारात काय बघायचं?

पहिली गोष्ट, करार असायला हवा. ‘आपल्यात कशाला कागद’ हे वाक्य ऐकलं की समजा, कागद हवाच. प्रताधिकार कायद्याचं १९वं कलम लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतं. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, तो तुमच्याकडे परत येतो. म्हणूनच ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली की तिथे बोट ठेवून विचारा.

छापील आवृत्तीचे हक्क द्या. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट हे वेगवेगळे लिहा किंवा स्वतःकडे ठेवा. कथेवर एकांकिका करायला महाविद्यालयाची मुलं येतात, त्यांना हो म्हणायचा अधिकार तुमच्या हातात असलेला बरा. मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हे स्पष्ट हवं. दोन्हींत जवळजवळ निम्म्याचा फरक पडतो. प्रती संपल्यावर किती महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही तर हक्क परत, हेही लिहून घ्या. विनामूल्य लेखकप्रती दहा की पंचवीस, यावर भांडू नका.

स्वतःच काढलं तर?

काढा, पण घर मोजून. डेमी आकाराचं १६० पानी पुस्तक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. पाचशे प्रती म्हणजे शंभरेक किलो कागद, आणि तो मुंबईच्या वन-बीएचकेत कुठे ठेवणार? जमिनीवर ठेवलात तर पावसाळ्यात ओल धरतो, माळ्यावर ठेवलात तर कसर लागते. आता शंभर प्रतींची डिजिटल छपाई सहज होते. एका प्रतीचा दर जास्त पडतो, पण पलंगाखालची जागा वाचते. मी तरी तेच सुचवेन.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकालाही स्वतःच्या नावाने करता येतो. या तेरा आकड्यांसाठी कोणी हजारो रुपये लावले तर ते कशाचे, हे विचारा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनिमेरा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. चौथी प्रत फोर्टात स्वतः नेऊन द्या. त्या पायऱ्या चढताना बरं वाटतं.

वाचकांना घरपोच पाठवण्याचं गणित मात्र बिघडलं आहे. टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सवलत डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. टपालखर्च किमतीत धरा, नाहीतर प्रत्येक प्रतीमागे पैसे खिशातून जातील.

हस्तलिखित कोणत्या फॉन्टमध्ये द्यावं? मुद्रितशोधन मीच केलं तर?

युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडणाऱ्या टंकपद्धतीत द्या. छापखान्यात अजूनही जुने फॉन्ट असतात आणि युनिकोडमधून तिकडे नेताना रफार उडतो, ‘र्‍या’चं भलतंच होतं, जोडाक्षरं सुटतात. म्हणजे तुम्ही शुद्ध दिलेलं हस्तलिखितही अशुद्ध होऊन येतं. पहिलं प्रूफ म्हणूनच मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघायचं असतं.

स्वतःचं मुद्रितशोधन स्वतः करू नका. मी हे काम पोटासाठी करते आणि तरीही माझ्या संग्रहात ‘ती दिवा लावून बसली’चं ‘ती दावा लावून बसली’ झालं. तीन प्रूफं मी वाचली होती. डोळ्यांना अक्षरं दिसलीच नाहीत, मनातलं वाक्यच दिसलं. ती विधवा बाईची गंभीर कथा होती. एका वाचकाने पत्रात विचारलं, कोर्टात पुढे काय झालं?

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम आहेत, चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. निवेदनाला ते लावा. संवादाला लावू नका. मालवणी सासू किंवा आगरी कोळीण प्रमाण मराठीत बोलायला लागली की मेलीच ती. पण बोलीतलं रूप एकदा जे ठरवलं ते शेवटपर्यंत तेच हवं. पान १२वर ‘व्हता’ आणि पान ४०वर ‘हुता’ नको. बोलीतल्या शब्दांची यादी करून मुद्रितशोधकाला द्या, नाहीतर तो बिचारा प्रामाणिकपणे सगळं ‘दुरुस्त’ करून ठेवतो. मीही एकदा ठेवलंय.

मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरचं चित्र चालेल?

नाही. ते कुणाचं तरी असतं. चित्रकाराला पुस्तक वाचायला द्या, पैसे द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

ई-पुस्तक आणि ऑडिओ?

किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं. खप थोडा, पण परदेशातल्या वाचकाला टपालाशिवाय मिळतं. ऑडिओला कथा छान बसते, वीस-पंचवीस मिनिटांची एक कथा म्हणजे फास्ट लोकलने दादर ते ठाणे. तिथे तुमच्या आवाजाचा आग्रह धरू नका. लेखक चांगले वाचतात हा लेखकांचा समज आहे.

आमच्या बिल्डिंगमधला एक माणूस कथेत आहे. ओळखला तर?

ओळखेल. नाव बदलून भागत नाही. मजला, व्यवसाय, बायकोचं माहेर आणि बोलायची लकब, यांतलं निदान तीन बदला. खरी घटना जशीच्या तशी आणि बदनामीकारक असेल तर कायद्याचा प्रश्न येतो, मग वकिलाला दाखवा. गंमत अशी की ज्याच्यावर लिहिलं तो सहसा ओळखतच नाही. भलताच कुणी तरी येऊन म्हणतो, ‘वहिनी, माझ्यावर लिहिलंत ना?’

परीक्षणासाठी किती प्रती वाटाव्यात?

पंधरा, आणि प्रत्येक नाव विचार करून. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पुस्तकांच्या जागा कमी झाल्यात. त्यापेक्षा वीस वाचनालयांच्या ग्रंथपालांना भेटा. ग्रंथपालाने एक प्रत घेतली की ती पाच वर्षं फिरते. आपल्याकडे कथासंग्रह जगतो तो बराचसा वाचनालयांवरच.

प्रकाशन समारंभ कुठे आणि कधी करावा?

दादर सगळ्यांना सोयीचं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जवळच प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराचं छोटं सभागृह आहे. गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. पण पन्नास माणसं येणार असतील तर तुमच्या भागातल्या वाचनालयाचा हॉल घ्या, तो भरलेला दिसतो. वक्ते दोनच, त्यातल्या एकाने तरी पुस्तक वाचलेलं असावं. एक कथा कुणाकडून तरी चांगली वाचून घ्या. विक्रीचं टेबल आत नको, दाराशी ठेवा आणि सुट्टे पैसे, यूपीआयचा कोड आणि टेबलावर बसायला एक न लाजणारी भाची अशी तयारी असू द्या.

दिवस शनिवार संध्याकाळचा धरा. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तो कोणत्या मार्गावर हे शुक्रवार-शनिवारपर्यंत कळत नाही, आणि तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात. माझ्या वेळी तो नेमका मध्य रेल्वेच्या फास्ट ट्रॅकवर होता. प्रमुख पाहुणे सव्वा तास कुर्ल्याला अडकले होते. तेवढ्या वेळात त्यांनी पुस्तक वाचून काढलं.